बेट म्हंजे ठरलं

करडी, ११ डिसेंबर २०२४

श्रावण,

तुले अन् उषाले ललिताबाईचा आशीर्वाद. तू माहा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसली. फोन कापता येते. कागद फाडाच्या पहिले माणूस दोन ओळी तरी वाचते.

मेघा माह्याजवळच हाय. उषाले सांग, पोट्टी धड हाय. सकाळी एसटीनं भंडाऱ्याले कॉलेजात जाते, सांजच्याले येते. जेवते. पहिले आठ-पंधरा दिवस काही बोलली नाही. मीही खोदून विचारलं नाही. आत्याच्या घरी भाची आली त तिले कारण कायले विचाराचं?

मंग एक दिवस धान चुरणं झाल्यावर आम्ही दोघी खळ्यावर बसलो होतो, तवा तिनं सांगतलं. तू तिच्या मोबाईलवर एक शब्द पाहिला. तिच्या मैत्रिणीनं, रितानं, लिहिलं होतं, "करडीच्या शंकरपटात बैलाची जोडी हाकशील का? खरंच हाकशील?" अन् मेघानं खाली फक्त लिहिलं होतं, "बेट". तू तो मोबाईल घेऊन गोलूच्या दुकानात गेलास. गोलूनं सांगतलं, "काका, बेट म्हंजे शर्त. सट्टा." अन् तू घरी येऊन पोरीले म्हणला, शर्तीची पोर या घरात नको.

गोलू खोटं बोलला नाही. मले त बेट म्हणलं की नदीतलं बेट आठवते, कारध्याच्या पुलावरून उन्हाळ्यात दिसते तसं. म्हणून मी मेघाले विचारलं, नीट सांग बाई, काय म्हंजे काय?

ती म्हणे, "आत्या, इंग्रजीत बेट म्हंजे शर्तच. पण त्या लोकाईच्या तोंडात तो शब्द इतका बसला की शर्त नसली तरी ते म्हणतेत. 'आय बेट तो आज येत नाही' म्हणलं त कोणी पैसे काढत नाही. आपण नाही का म्हणत, 'लाव शर्त, मामाजी चहा पेल्याशिवाय उठत नाहीत'? कोणाचं काय लागलेलं असते?"

तिचे मामाजी म्हंजे तुहे भाऊजी तवर तिथं येऊन बसले होते. ते हसले अन् उठले नाहीत.

"अन् 'यू बेट' म्हणलं त 'मंग काय त' असं होते. अन् आताची पोरं नुसतं 'बेट' लिहितेत, ते म्हंजे 'ठरलं'. बस. रितानं विचारलं हाकशील का, मी म्हणली ठरलं. त्यात शर्त कुठी हाय?"

मी म्हणली, "मंग हे बापाले काहून नाही सांगतलं?"

ती म्हणे, "बाबानं विचारलंच नाही. गोलूले विचारलं."

याचं उत्तर तुले द्याचं हाय. तुले येत असन त लिही.

इकडं ती अभ्यास करते अन् गुराढोराचं पाहते. चिंता करू नको.

तुही,
बाई


करडी, २ जानेवारी २०२५

श्रावण,

तुहं उत्तर नाही आलं. उषाचा फोन आला होता, लपून. ती म्हणे, तू कागद वाचला अन् देवाच्या फोटोमांगं ठेवला. म्हंजे फाडला नाही. म्हणून दुसरा लिहून राहिली.

गुराढोराचं पाहते म्हणून लिहिलं होतं, ते अर्धंच लिहिलं होतं. मेघा जोडी हाकते. तुह्या भाऊजीचे भुऱ्या अन् कबऱ्या तू पाहिले नाहीस, पट बंद होते त्या वर्षाईत तुहं येणंच राहिलं. आता पट पुन्हा भरतेत अन् आमच्या पटात बायाईची दाण वेगळी असते. पळाची वाट असते ना, तिलेच आम्ही दाण म्हणतो, तू विसरला असशील. बाया छकड्यावर उभ्या राहून जोड्या पळवतेत अन् माणसं कडेनं पाहतेत. मेघाले त्या दाणीवर उतराचं हाय.

कागद टाकून उठू नको. समोरचं वाच.

पहिल्या दिवशी ती छकड्यावरून तलावाच्या पाळीवर पडली. कोपर सोललं. तुहे भाऊजी म्हणले, "राहू दे बाई, हे तुह्यानं नाही होत." ती उठली, बैलाईच्या तोंडाशी गेली अन् त्याईच्यासंग कितीतरी वेळ बोलत राहिली. काय बोलली ते मले आयकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढली. भुऱ्याले डावीकडं ओढाची खोड हाय. तुहे भाऊजी त्याले शिव्या देतेत, तुतारीच्या काठीचा खिळा टोचतेत. मेघानं तुतारी हातातच नाही घेतली. ती छकड्यावर उजव्या पायावर जोर देऊन उभी राहाले लागली, अन् भुऱ्या नीट पळाले लागला. तुहे भाऊजी त्या दिवशी घरी येऊन पाटावर बसले. जेवताना म्हणले, "पोट्टीनं बैलाची खोड आपल्या अंगावर घेतली व." माणूस पन्नास वर्षं बैलाईत राहिला, त्याच्या तोंडून हे निघालं.

आता कबऱ्या त्याईचा आवाज आयकून मान वर करत नाही. मेघाचा आयकला की करते. एसटी पाटीजवळ थांबली की गोठ्यात हंबरते. कॉलेजची पिशवी खांद्यावर असतेच, तशीच ती पहिले गोठ्यात जाते. शिकल्या पोरीले शेणाचा वास येते असं लोकं म्हणतेत. हिले येत असन त ते ती दाखवत नाही.

तुहं मन मले माहीत हाय. तू काहून चिडला तेही माहीत हाय. आपल्या बाबानं आंबागडच्या पटात भर लोकात शब्द टाकला होता, हारलो त जोडी तुही. हारले. सकाळी तो माणूस आला अन् दोर सोडून जोडी घेऊन गेला, अन् बाबानं आपल्या हातानं दोर त्याच्या हाती देला. तू लहान होतास. शिवेपर्यंत बैलाईच्या मांगं रडत गेलास, मीच तुले उचलून आणलं. बाबाले सगळे भैय्याजी म्हणत, मान देत, म्हणत शब्दाचा पक्का माणूस. पण त्या साली आपल्या धानाच्या बांध्या दुसऱ्याच्या जोडीनं चिखलल्या अन् आई त्याच्यासंग वर्षभर बोलली नाही. मी हे मेघाले सांगतलं. तू तिले कधीच सांगतलं नव्हतं. तिनं आयकून घेतलं अन् म्हणे, "बाबानं हे मले सांगतलं असतं त मी 'बेट' शब्द कधी लिहिलाच नसता."

मी म्हणली, "आता?"

ती म्हणे, "आता पट हाकीन. शर्त लावाची नाही. दोन गोष्टी वेगळ्या हायेत, बाबाले समजन."

पट फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी हाय. येशील त तुह्यासाठी जागा ठेवीन. नाही आलास तरी मी पुन्हा लिहीन.

बाई


करडी, २७ जानेवारी, सोमवार

श्रावण,

हे स्पीडपोस्टानं टाकून राहिली, घाईत.

मोहाडीच्या धान व्यापाऱ्याचा पोरगा विक्की काल आमच्याकडं आला होता. त्याची जोडी तरणी हाय, पांढरी, महाग. कारध्याची कुंताबाई ती जोडी हाकते, बायाईच्या दाणीवर तिचं नाव हाय. चहा झाला, गोष्टी झाल्या. तो तुह्या भाऊजीले म्हणला, "तुमच्या कॉलेजवाल्या पोट्टीचं फार नाव आयकतो. जोडीवर जोडी लावता का? तुमची हारली त मी नेईन, माही हारली त तुम्ही ठेवा." चार माणसं बसली होती. तुहे भाऊजी "हो" म्हणून बसले.

श्रावण, तुले माहीत हाय ते वाईट माणूस नाहीत. कोणी चार लोकात तोंडावर म्हणलं की त्याईले "नाही" म्हणता येत नाही. बाबासारखंच.

मेघाले अजून माहीत नाही. सांगू त ती हाकाची नाही, मंग न पळताच हार होईन अन् जोडी जाईन. न सांगू त तिच्या नकळत तिच्या हातानं तेच होईन जे बाबाच्या हातानं झालं. उषासंग बोल. काही सुचलं त फोन कर. माहा नंबर तोच हाय.

बाई


करडी, ३ फेब्रुवारी २०२५

श्रावण,

तू आला नाहीस. मी मंडपाच्या कडेनं रस्ता पाहत होती. फोनही नाही आला. तरी सगळं लिहिते, कारण हे तुले दुसऱ्याच्या तोंडून समजाले नको.

शुक्रवारी मी मेघाले सांगतलं. लपवणं मले जमलं नाही. ती बैलाईच्या शिंगाले रंग लावत होती. आयकलं, रंगाचा डबा खाली ठेवला अन् तडक ओसरीवर तुह्या भाऊजीपाशी गेली. आवाज चढवला नाही. म्हणे, "मामाजी, जोडी तुमची हाय. पण हाकीन मी. माह्यावर शर्त लावाच्या पहिले मले पुसलं काहून नाही?"

ते म्हणले, "शब्द गेला व बाई. आता तो वापस कसा घेऊ? लोकं थुंकतीन."

ती म्हणे, "ठीक हाय." अन् चुलीपाशी येऊन मले भाकर थापू लागली. मले वाटलं, मानलं पोरीनं. मनात वाईटही वाटलं.

शनिवारी पट भरला. माणसाईची दाण झाली, दुपारी बायाईची लागली. मेघा जोडी घेऊन सुटाच्या जागेवर गेली त खरी, पण छकडा उभा करून ती कुंताबाईकडं गेली. मी मांगंच होती, सगळं आयकलं. कुंताबाई माह्यापेक्षा थोडी लहान, हातपाय कसलेले, बोलाले तुटक. मेघानं विचारलं, "काकू, तुमच्या जोडीवर शर्त लागली हाय, माहीत हाय का?"

"कायची शर्त?"

"तुम्ही हारल्या त तुमचे बैल आमच्या गोठ्यात येतीन. मी हारली त आमचे तुमच्या मालकाकडं जातीन."

कुंताबाईनं आपल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणे, "हे गोऱ्हे होते तवापासून मी चारून राहिली. मालकानं मले नाही सांगतलं."

"मलेही नाही सांगतलं."

 मंग कुंताबाईनंच पहिले कासरा खुंटीले बांधला अन् छकड्याच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मेघा तिच्या बाजूले बसली. दाणीच्या तोंडावर, भर उन्हात, दोन बाया.

झेंडेवाला थांबला. लोकं आधी हसले. मंग शिट्ट्या. कोणी म्हणे उठवा त्याईले, कोणी म्हणे भांडण झालं. विक्की धावत आला, "काय झालं? घाबरल्या का?" कमिटीचे अध्यक्ष आले, माईकवालाही मांगं आला. अध्यक्ष म्हणले, "पोरी, टाइम जाऊन राहिला, उठ."

मेघानं त्याईच्या हातून माईक मागून घेतला. मले वाटलं पोट्टी भाषण देईन. नाही देलं. ती म्हणे, "आमच्या दोघीच्या जोड्याईवर शर्त लागली हाय. आम्हाले कोणी पुसलं नाही. ज्याईनं लावली त्याईनं इथं येऊन म्हणावं की शर्त नाही. मंग आम्ही पळवतो. आम्ही पळवालेच आलो हावो." अन् माईक वापस देला अन् पुन्हा बसली.

अध्यक्षाचं तोंड उतरलं. पटाची परवानगी शर्त नाही या अटीवरच मिळते, अन् बंदोबस्ताचे पोलीस तिथंच होते. ते म्हणले, "कमिटीले हे माहीत नाही. कोण हाय तो, समोर या."

 विक्की मान खाली घालून मोबाईल पाहाले लागला. अन् मंडपात बसलेले तुहे भाऊजी उठले. त्याईचं धोतर मांगून मळलं होतं, तेही झटकलं नाही. दाण ओलांडून गेले, माईक हातात घेतला अन् म्हणले, "मी परसराम. माह्या तोंडून शब्द गेला होता. तो मी वापस घेतो. चूक माही हाय, पोरीची नाही."  थुंकलं कोणीच नाही. मांगून कोणीतरी म्हातारा म्हणला, "बरोबर केलं गा परसराम." मंग विक्कीले यावंच लागलं. तो "शर्त नाही" इतकंच पुटपुटला, पण माईकमध्ये पुटपुटला, सगळ्याईनं आयकलं.

दोघी उठल्या. मातीचे हात लुगड्याले, ओढणीले पुसले, चढल्या.

झेंडा पडला अन् भुऱ्या-कबऱ्या सुटले. मी डोळे मिटाची होती, मिटले नाही. मेघा वाकून उभी होती, उजव्या पायावर, मोकळ्या हातानं, नुसत्या आवाजानं हाकत. अर्ध्या दाणीपर्यंत ती समोर होती. बाया माह्या बाजूले उभ्या राहून ओरडत होत्या, त्याईच्यातल्या कोणाचीच ती कोणी नव्हती. मंग कुंताबाईच्या पांढऱ्या जोडीनं जोर धरला. शेवटाले कबऱ्याचा दम कमी पडला. मेघानं त्याले मारलं नाही, ओरडलीही नाही. तुतारी असती त कदाचित जितली असती. हारली.

खोटं नाही सांगत, ती रडली. छकड्याच्या मांगं जाऊन रडली, तोंड धुतलं, मंग कबऱ्याच्या तोंडावरचा फेस पुसला. कुंताबाई तिच्याजवळ आली, तिच्या डोक्यावर हात ठेवून गेली.

सांजच्याले आम्ही तलावाच्या पाळीनं घरी आलो. समोर मेघा, तिच्या मांगं बैल, मांगं तुहे भाऊजी. हारून आलेली जोडी अन् आपल्याच गोठ्यात बांधली. शर्त राहिली असती त आज मी रिकाम्या खुंट्या पाहत हे लिहीत बसली असती, अन् तुह्या पोरीच्या जीवाले जलमभर ते लागलं असतं.

बाबाले मी देव मानते, तुले माहीत हाय. पण तुही पोरगी बाबाच्याही पुढं गेली. हे तुले दुसरं कोणी सांगन त तू मानशील का नाही माहीत नाही, म्हणून मी सांगते.

तू असता त बरं झालं असतं.

बाई


आंबागड, ९ फेब्रुवारी २०२५

बाई,

नमस्कार. मले लांब लिहिता येत नाही. तुहे चारही कागद वाचले.

मी आलो होतो. तुह्या मंडपाकडं नाही आलो. दाणीच्या पल्याडच्या टोकाले, जिथं बोरं-चिंचा विकणाऱ्या बाया बसल्या होत्या, तिथं उभा होतो. उषाले बी सांगतलं नव्हतं, तुमसरले काम हाय म्हणून निघालो. तुहा सोमवारचा कागद खिशात होता. मनात होतं की पळाच्या पहिले पोरीले हात धरून घरी घेऊन जाईन. भाऊजीवर बी लय राग होता.

मी पोहोचलो तवा ती खाली बसली होती. लोकं शिट्ट्या मारत होते. माह्या बाजूले तिरोड्याकडचा एक माणूस होता, तो म्हणला, "भेली पोट्टी." मी त्याले म्हणलो, "भेली नाही. माही पोरगी व्हय ते." बाई, तीन महिन्यात मी तिचं नाव घेतलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्या माणसानं मले बोरं देली अन् म्हणे, या समोर, इथून चांगलं दिसते.

तिचा आवाज माईकमधून आला. त्याच्यानंतर हात धरून नेण्याची गोष्ट मनात राहिली नाही. मले इतकंच वाटलं की त्या दिवशी बाबाच्या समोर असं कोणी बसाले पाहिजे होतं. आईले बसता आलं नाही. आम्हाले समजत नव्हतं. भाऊजी उठून गेले, त्याईले माहा नमस्कार सांग. मले नसतं जमलं.

ती पळवत होती ते मी पूर्ण पाहिलं. ती छकड्यावर जशी उभी राहते तसं मी कोणाले पाहिलं नाही. तुह्या कागदात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. हारली तवा मी उगाच टाळ्या वाजवत होतो अन् तो तिरोड्याचा माणूस म्हणे, भाऊ, तुमची पोरगी हारली. मी म्हणलो, दिसलं.

मंग पाय उचलले नाहीत. काय तोंडानं जाऊ, असं झालं. एसटी पकडून वापस आलो. घरी येऊन उषाले सांगतलं. ती मले काय काय बोलली ते लिहित नाही.

गोलूच्या दुकानात बी गेलो. त्याले सांगतलं, तू अर्धा शब्द सांगतला होता. तो म्हणे, काका, तुम्ही अर्धाच विचारला होता.

येत्या रविवारी मी अन् उषा करडीले येऊन राहिलो. तिले घरी नेण्यासाठी नाही. तिची परीक्षा होऊ दे, मंग तिच्या मनात येईन तवा ती येईन. तिले आधी सांगू नको, नाही त ती स्वयंपाकात गुंतन अन् बोलणं राहून जाईन. मी गोठ्याकडूनच येईन. उभा राहून काय बोलाचं ते मले अजून सुचलं नाही. नाही सुचलं त बैलाईले तणीस टाकत राहीन. ती पाहीन, अन् मंग जे विचारन त्याचं उत्तर देईन.

श्रावण